त्रिधारीचा चीक

आमच्या घरात घाबरण्याचं खातं माझ्याकडे आहे. गॅस बंद केला का, गच्चीचं दार लावलं का, टाकीत पाल तर पडली नाही ना, हे सगळं मी बघते. नवरा बोटीवर नोकरीला. वर्षातले बरेचसे महिने तो कुठल्या तरी समुद्रात असतो आणि मी इथे रत्नागिरीत बसून त्या समुद्रावरच्या वाऱ्याची काळजी करते. सासरे म्हणायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात गो. तुझ्यापाठी तर त्याचं अख्खं खानदान लागलंय." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे.

अशा बाईने झाडं लावायची तर कोणती? सहजासहजी न मरणारी. म्हणून मी सक्युलंटकडे वळले. जाड पानांची, पोटात पाणी धरून ठेवणारी, पंधरा दिवस विसरलं तरी कुरकुर न करणारी झाडं. पानफुटी आणि कोरफड आपल्याकडे प्रत्येक परसात असतातच. त्यात एकेकीची भर पडत गेली आणि गच्ची भरली. एक पान खुडून नुसतं खड्यावर ठेवलं की काही दिवसांनी त्याच्या देठाशी गुलाबी दोऱ्यासारखी मुळं फुटतात, मग तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू दिसतं. ते मला कितीही वेळा बघितलं तरी नवीन वाटतं. शेजारणी मागायला यायला लागल्या, मग मांडवीकडच्या एका रोपवाल्याने विचारलं, आणि बघता बघता मी रोपं करून विकणारी बाई झाले.

ऐकायला सोपं वाटतं. पण एप्रिलात पाय भाजतील अशा गच्चीवर तग धरणारं हे झाड आमच्या पावसात चार दिवसांत विरघळतं. वरून टवटवीत दिसतं, हात लावला तर मऊ, आणि उचललं की शेंडा हातात आणि बूड कुंडीत. दुष्काळ सोसणाऱ्या झाडाला कोकणात मरण येतं ते पाण्याने. म्हणून मी माती जवळजवळ घालतच नाही. चिऱ्याच्या खाणीवरचा बारीक खडा, नदीची धुतलेली वाळू आणि चिमूटभर जुनं शेणखत. मे संपायच्या आत गच्चीवर पत्रे आणि प्लास्टिक. एवढं करूनही काही जातातच. गणपती गेले, ऊन तापायला लागलं की मी वर जाऊन राहिलेल्यांची हजेरी घेते, आणि एखादं बुडाशी कुजलेलं दिसलं की वरचा निरोगी भाग कापून त्याची नवी रोपं करते.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. त्यांनी जन्मभर हापूसची कलमं बांधली. दापोलीच्या बागांतून त्यांना बोलावणी यायची. माझी झाडं पहिल्यांदा बघून ते म्हणाले होते, "हे काय गो, प्लास्टिकचं हाय?" पण सासूबाई गेल्या, घर मोठं वाटायला लागलं, तसे ते हळूहळू गच्चीवर येऊन बसायला लागले. आधी नुसते बसायचे, मग सल्ले द्यायला लागले, मग चाकू घेऊन आले.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर. कलम बांधणाऱ्याच्या हाताला सवय असते की काप ओला असतानाच बांधायचा. वाळला की संपलं. सक्युलंटचं नेमकं उलटं. तुकडा कापून सावलीत ठेवून द्यायचा, कापावर खपली धरली की मगच खोचायचा. ओला लावला तर कुजतो. बाबा माझी पाठ वळली की ओलेच तुकडे लावून मोकळे. "जखम उघडी टाकून कोण बसतं?" हे त्यांचं म्हणणं. एका खेपेला सगळे कुजले तेव्हा ते दोन दिवस गच्चीवर फिरकले नाहीत. नंतर मात्र माझ्यापेक्षा तेच जास्त वेळ खपल्या तपासत बसायचे.

त्यांचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेलेला. सगळा कारभार उजव्यावर. त्या एका डोळ्यावर ते पेपर वाचायचे, मच्छीवालीशी सुरमईच्या ताजेपणावरून वाद घालायचे आणि हंगामात हौसेने चार कलमंही बांधायचे. त्या डोळ्याची मी जिवापलीकडे काळजी करायची. जिन्यावरचा दिवा, रिक्षातली धूळ, क्रिकेट खेळणारी पोरं, सगळ्यांना घाबरायची. त्या यादीत झाड नव्हतं.

गच्चीच्या कोपऱ्यात एक त्रिधारी होती, माझ्याहून उंच. लोक तिला निवडुंग म्हणतात. तीन कडांचं खोड, कडांवर बारीक काटे, आणि काप दिला की दुधासारखा पांढरा चीक भळाभळा वाहतो. तो चीक विषारी. मी तिला कापायची तर हातमोजे, जाड चष्मा, लांब बाह्या, डोक्याला फडकं, असा अवतार करून. बाबांना फार मजा वाटायची. "चिकाला काय भ्यायचं? कोकणातला माणूस चिकातच वाढतो. आंब्याचा चीक, काजूचा चीक, फणसाचा चीक. हाताला खोबरेल लावलं की काम झालं." आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. फणस कापायला बसलं की आपण सगळे तेच करतो. हाताला तेल, सुरीला तेल. चीक चिकटत नाही, आणि चिकटला तर तेलानेच निघतो, पाण्याने घासत बसलं तर आणखी चिवट होतो. इथल्या पोराला हे अक्षरओळखीच्या आधी कळलेलं असतं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. तो थांबला आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला, तेव्हा सकाळी मला त्रिधारीचं बूड मऊ लागलं. कूज वर चढायच्या आत कापायला हवी होती. मला बाजारात जाऊन यायचं होतं. जाताना मी बाबांना बजावलं, "आल्यावर मी कापते. तुम्ही हात लावू नका." ते "बरं बरं" म्हणाले. जित्याची खोड. मला त्या "बरं बरं"वरूनच कळायला हवं होतं.

परत आले तर बाबा गच्चीच्या पायरीवर बसलेले. उजव्या डोळ्यावर पंच्याचा बोळा दाबून धरलेला, शेजारी खोबरेलाची बाटली. चेहऱ्यावर तेल चमकत होतं. हातातली पिशवी तिथेच पडली, कांदे जिन्यावरून गडगडत खाली गेले.

"काय नाय गो, जरा चुरचुरतंय," ते म्हणाले. "पुसला घाम मनगटाने. थोडासा गेला असेल. तेल घातलंय मी लगेच. निघेल तो."

तेल घातलं होतं. डोळ्यात. फणसाच्या चिकाचा उपाय त्रिधारीच्या चिकावर, आणि तोही डोळ्यात. कोकणाबाहेरच्या माणसाला हे सुचलंही नसतं. आणि त्यांच्या मागे बघते तर कोपऱ्यात त्रिधारीचे तुकडे पत्र्याच्या सावलीत नीट उभे करून ठेवलेले, काप वर, एकमेकांना न टेकता. मी विचारलं, "हे कधी केलंत?" तर म्हणाले, "नंतर. अर्धवट टाकून कसं येणार? ऊन लागलं असतं कापांना."

डोळ्यात विष घेऊन हा माणूस झाडाच्या जखमा सावलीत नेत बसला होता. मला इतका राग आला की भीती क्षणभर मागे पडली. मी त्यांना दंडाला धरून ओढतच नळाखाली नेलं. "पाण्याने चीक जात नाय," ते वाद घालत होते, मी मान दाबून धरली होती. पाणी तेलावरून नुसतं घरंगळत होतं. मी बोटांनी पापण्या उघडल्या, आत सगळं लालभडक. पाणी एवढं उडत होतं की त्यांचा डोळा धुतेय की माझी साडी हेच कळेना. कितीतरी वेळ धुतला. मग रिक्षा. प्लास्टिकच्या पिशवीत त्रिधारीचा तुकडा घेतला, कशाचा चीक ते डॉक्टरना दाखवायला. दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारची बाई ती पिशवी बघून उठूनच गेली.

डॉक्टरीण तरुण होती, घाटावरची. बोलण्यावरूनच कळत होतं. तिने बाबांना दिव्यासमोर बसवलं, हनुवटी टेकायला लावली, आणि भिंगातून डोळा बघितला.

"डोळ्यात तेल कुणी घातलं?"

"मीच," बाबा म्हणाले. "चिकाला तेलच लागतं."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला फणसाचं सांगायचा प्रयत्न केला. तिने पुन्हा कुठल्याशा पाण्याने डोळा धुतला, थेंब घातले, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की बुबुळ सुजेल. उद्या-परवा आजच्याहूनही कमी दिसेल. मग सूज उतरायला लागेल.

"आणि नाही उतरली तर?"

"बहुतेक उतरते."

त्या एका "बहुतेक"ने माझी झोप, भूक, अक्कल, सगळं पळवलं. भाजी चिरताना बहुतेक, कुलूप लावताना बहुतेक. दुसरा डोळा असता तर मी कदाचित इतकी हबकले नसते. पण या माणसाकडे दुसरा डोळाच नव्हता.

घर अंधारं केलं. पडदे ओढले, बाबांना काळा चष्मा, ठरल्या वेळी थेंब. पहिल्या संध्याकाळी ते म्हणाले, "दिसतंय गो, जरा धुरकट हाय." दुसऱ्या दिवशीही "दिसतंय". तिसऱ्या दिवशीही. मी विश्वास ठेवला. भित्रं माणूस चांगल्या बातमीवर फार पटकन विश्वास ठेवतं, त्याला दुसरं काही परवडतच नाही. ते भिंतीला हात लावत चालत होते, तर मी म्हणायची, अंधार आहे ना घरात. चहाचा कप उचलायला जाताना त्यांचा हात आधी रिकाम्या टेबलावर पडायचा, तर मी म्हणायची, काळा चष्मा आहे ना.

गच्चीवर मी जातच नव्हते. एकदा कपडे काढायला गेले तेव्हा सगळी झाडं होती तशीच. कुणाचं काही अडलं नव्हतं. पानांवर धूळ बसली होती, एवढंच. त्रिधारीच्या तुकड्यांवर खपली धरायला लागली होती. चीक वाळून तिथे रबरासारखा पिवळट थर झाला होता. मला वाटलं, उचलून सगळे मागच्या कातळावर फेकून द्यावेत. पण त्यांना हात लावायचीही माझी हिंमत झाली नाही. माझ्या हातांनी वाढवलेल्या झाडांना मी पहिल्यांदा घाबरले. कपडे गोळा करून खाली पळाले, आणि दाराला कडी घातली.

नवऱ्याला काही सांगायचं नाही असं बाबांनी बजावलं होतं. "तो तिकडं बोटीवर बसून काय करणार? नुसता जीव जाळत बसेल." मलाही ते पटलं. त्याच्या बोटीवर नेट कधी मिळेल, कधी नाही. मिळालं की तो व्हिडिओ कॉल करतो. त्या आठवड्यात त्याचा कॉल आला. मी फोन बाबांच्या हातात दिला आणि मागे उभी राहिले.

"बाबा, काळा चष्मा कशाला?"

"डोळे आलेत. साथ हाय इकडं."

"जपा. घरगुती काही घालू नका डोळ्यात."

"नाय घालत," बाबा म्हणाले. मग त्यांनी फोन चेहऱ्याजवळ नेला आणि मायेने म्हणाले, "बारीक झालास रे. खातोस ना नीट?"

पलीकडून हसू आलं. "बाबा, एवढी दाढी वाढवलीय. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. तुम्ही काहीच बोलला नाहीत!"

बाबांना दाढीचा तिटकारा. मुलाने लग्नाआधी एकदा ठेवली होती तेव्हा त्यांनी महिनाभर त्याच्याशी अबोला धरला होता, असं सासूबाई सांगायच्या. आता ते म्हणाले, "बघितली ना. बरी दिसते."

स्क्रीनवर माझ्या नवऱ्याचा चेहरा अर्धा दाढीत बुडालेला होता, आणि त्याच्या वडिलांना तो दिसत नव्हता. मी फोन घेतला, काहीबाही बोलले, ठेवला. बाबा तसेच बसून होते. त्यांनाही कळलं होतं की मला कळलं.

"बाबा, खरं सांगा. काय दिसतं?"

त्यांनी चष्मा काढला. डोळा सुजून अर्धा मिटलेला होता. "उजेड कळतो," ते म्हणाले. "तू खिडकीकडं गेलीस की काळं कायतरी हलतं. बाकी सगळं दुधात बुडालंय." थोड्या वेळाने म्हणाले, "हात चालतील गो. चाकू दिला तर आजही चालतील. पण काप जुळला की नाय, ते डोळ्यालाच कळतं." आणि मग, भिंतीकडे तोंड करून, "मला भीती वाटतेय."

माझ्या भीतीची आयुष्यभर टिंगल केलेला माणूस हे म्हणत होता. मला धीर द्यायला हवा होता, पण मला तो देता येत नाही. मला फक्त घाबरता येतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "मलाही." दुसरं काही सुचलं नाही. ते म्हणाले, "ते ठाऊक हाय मला," आणि माझ्या हातावर हात ठेवला. हाताला अजून खोबरेलाचा वास येत होता.

पुन्हा डॉक्टरिणीकडे गेलो. तिने थेंब वाढवले, आणखी एक बाटली दिली, म्हणाली, थांबा. सूज चढायची ती चढलीय. थांबा म्हणणं सोपं असतं. मी नुसती थांबू शकत नाही, माझं मन पुढे पळत राहतं. रात्री आंधळे बाबा जिन्यावरून पडताना दिसायचे. सकाळी नवरा घरी येताना दिसायचा, आणि बाबा त्याला आवाजावरून ओळखताना.

रडू तर अखंड येत होतं. पण बाबांचे कान भलतेच तिखट. स्वयंपाकघरात नाक ओढलं तरी बाहेरून विचारायचे, "काय झालं गो?" म्हणून मी आवाज न करता रडायला शिकले. ओठ घट्ट मिटून, श्वास हळू सोडत. ते जमलं आणि एक सोय लक्षात आली. लपायची गरजच नव्हती. मी त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या तोंडाकडे बघत रडू शकत होते. सकाळचा चहा आम्ही एकत्रच घ्यायचो. त्यांच्या हातात कप द्यायचा, बशी पुढे सरकवायची, आज भाव काय, पेपरात काय, असं साध्या आवाजात बोलत राहायचं, आणि गालांवरून पाणी वाहू द्यायचं. पुसायचंही नाही. काही दिवस असे गेले.

त्या सकाळी मी नेहमीसारखे थेंब घातले. ते मान मागे टाकून डोळा मिटून बसले. पडदा थोडा सरकलेला होता, मी ओढायला विसरले होते. मी समोरच्या खुर्चीत बसले. चहावर साय धरली होती. मी पेपरातली बातमी वाचून दाखवत होते, कुठल्याशा रस्त्याच्या कामाची, अगदी कोरड्या आवाजात, आणि रोजच्यासारखं डोळ्यांतून वाहत होतं. थोड्या वेळाने बाबांनी मान सरळ केली. माझी बातमी संपली नव्हती.

"नाक किती लाल झालंय गो तुझं," ते म्हणाले.

मी पुढची ओळ वाचली. मग थांबले. रडण्याचा आवाज ऐकू आला असेल, असं वाटून मी सवयीने घाबरले. पण मी आवाज केला नव्हता, आणि नाकाचा लालपणा कुणाला ऐकू येत नाही.

"काय म्हणालात?"

"नाक. आणि हनुवटीवरून पाणी गळतंय पेपरावर." ते पुढे वाकले, डोळा बारीक करून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा पडला. "माझ्यासमोर बसून रोज अशीच रडत होतीस काय?"

आता मी मोठ्याने रडत होते.